मधल्या चौकटीचं वजन

६ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलंय. कॉलेज सोडून एकोणीस दिवस झाले आणि घरात सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात. आई ताट पुढे सरकवते आणि माझ्याकडे न बघता म्हणते, "मामाकडे जाऊन बस तरी. हातपाय हलतील." कारण कोणी विचारत नाही. सरांनी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर माझी वही फेकली, मी त्यांची फेकली. माफी माग म्हणाले. नाही मागितली. एवढंच. बाबा म्हणतात दोन वर्षं वाया गेली. मला विचाराल तर दोन वाचली, कारण चार जाणार होती.

मामाचं लग्नांच्या फुलसजावटीचं दुकान आहे. पुढे काच, मागे लांबट थंड खोली, भिंतीला बादल्यांची रांग आणि सगळीकडे कापलेल्या देठांचा वास. मला बघून मामा म्हणाला, "आलास? देठ तिरपे कापायचे, पानं पाण्यात बुडवायची नाहीत आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी आठवड्यात जमतील."

११ मार्च

दुकानात आराखडे काढणारी एक मुलगी आहे. मामा तिला चित्रकार म्हणतो, म्हणून सगळेच म्हणतात. गिऱ्हाईक बोलत असतं तोवर हिच्या कागदावर अख्खा हॉल उभा राहिलेला असतो, खुर्च्यांसकट. आज मी तिला चार बादल्या शेवाळ भिजवून दिलं. ती म्हणाली, "तुझे हात शांत आहेत." माझे हात. घरी सांगितलं तर बाबा पाणी पिता पिता ठसकतील.

सध्या काय चालतं ते तिनेच मला समजावलं. देठ खोचायचा तो हिरवा स्पंज आता लोकांना नको, त्याचा चुरा मातीत विरत नाही. म्हणून जाळीत ओलं शेवाळ ठासायचं आणि त्यात देठ. कमान दोन्ही बाजूंनी सारखी नको, मध्येच मोडल्यासारखी हवी. फुलं जमिनीतून उगवल्यासारखी दिसायला हवीत, नाहीतर छतातून. आणि रंग गंजाचा, चहाचा, वाळक्या पानाचा. मामा म्हणतो, "तपकिरी पडलेला गुलाब मी तीस वर्षं कचऱ्यात टाकला. आता तोच मुद्दाम मागवायचा. मीही तपकिरीच पडलोय, मला कोणी मागवत नाही."

ती हसली की आधी डोळे मिटते. हे बाकी कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

१५ मार्च

छताला जे टांगायचं ते टांगणारा माणूस वेगळा असतो. तारवाला. तीस-बत्तीसचा असेल. कमरेला पकडी, कानामागे पेन, चेहऱ्यावर असा भाव की जग त्याच्याच चार तारांवर लटकलंय. मला पाहून म्हणाला, "हे कोण, कॉलेज?" झालं. आता दुकानभर मी कॉलेज.

"कॉलेज, काटा इकडे आण." प्रत्येक चौकट वर चढवायच्या आधी तो काट्यावर ठेवतो. आधी नुसतं लोखंड, मग जाळी, मग ओलं शेवाळ, मग फुलं. दरवेळी आकडा कागदावर. जेवढं वजन भरेल त्याच्या दीडपट पेलणारी तार लावतो. आणि एक नियम, जो तो सगळ्यांना ऐकवत असतो: काट्यावरून उतरलेल्या चौकटीला पाणी नाही. फारच वाटलं तर खालून धुक्यासारखा फवारा, तोही त्याला विचारून.

मी म्हटलं, दोन-चार किलो इकडेतिकडे झाले तर काय होतं.

"खाली बसणाऱ्याला विचार," तो म्हणाला.

ती हसली. डोळे मिटून. एवढ्याशा वाक्याला हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मनाने फार चांगली आहे, कोणाला अवघडू देत नाही.

१९ मार्च

आज तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "उद्या सकाळी काकांना बाजारात तासभर अडकवून ठेवशील? मला एका लग्नाच्या हॉलची मापं शांतपणे घ्यायचीत." काका म्हणजे मामा. तिने हे दुसऱ्या कोणाला नाही, मला विचारलं.

२० मार्च

दोन तास अडकवून ठेवलं. लिलीच्या एकेका जुडीवर मी दलालाशी हुज्जत घातली. मामा म्हणाला, "तुझ्यात धंदा आहे की नुसता खवटपणा, ते अजून कळेना." परतताना हॉलवर गेलो तर ती आणि तारवाला शिडीच्या पायरीवर बसून मापांची बेरीज करत होते. तिचे केस सुटलेले होते. कामात तिला भान राहत नाही. मला बघून म्हणाली, "तू देवासारखा आहेस." दिवसभर काही खाल्लं नाही, भूकच लागली नाही.

२३ मार्च

एक नवरी मुलगी आणि तिची आई आल्या होत्या. फोनवर एक चित्र आणलं होतं. संगणकाने बनवलेलं. म्हणजे असं लग्न कुठे झालेलंच नाही. लांबलचक टेबल आणि वर हवेत पांढऱ्या फुलांचा ढग. तार नाही, चौकट नाही. छतसुद्धा धड नाही.

मामाने चष्मा वर करून बघितलं. "यात तारा कुठायत?"

"तेच तर हवंय," नवरी म्हणाली. "तारा दिसायला नकोत."

"बाळ, चित्रातल्या फुलांना वजन नसतं."

नवरीची आई पर्स उचलून म्हणाली, "बरं, मग दुसरीकडे विचारतो."

हल्ली दर दुसरं गिऱ्हाईक असंच काही घेऊन येतं. मामाने तारवाल्याकडे बघितलं. त्याने फोन घेऊन चित्र मोठं करून बघितलं. मग म्हणाला, "एकदम बारीक तार वापरू, लांबून दिसणार नाही. पण मग वजन माझ्या ताब्यात. मी सांगेन त्याच्यावर एक पाकळी नाही."

ढग तीन चौकटींचा, आणि मधल्या चौकटीत सगळा हायड्रेंजिया हवाय. पांढऱ्या फुलांचे हे डोक्याएवढे गेंद. चित्रकार म्हणाली की त्यांना सतत तहान असते, पाकळ्यांतूनही पाणी पितात, आणि लग्न एप्रिलच्या उन्हात आहे. मग म्हणाली, "सांभाळू आपण." बोलताना माझ्याकडे बघत होती.

३० मार्च

तारवाल्याशी भांडण झालं. मी सराव म्हणून एक चौकट भरली, उत्तम भरली. त्याने दोन बोटांनी शेवाळ दाबलं, पाणी निथळलं. म्हणाला, "कॉलेज, हे भिजवलंय की बुडवलंय?" चार माणसांत. मी हातातली पकड भिंतीवर फेकली. तो पकड उचलून माझ्या हातात देत म्हणाला, "माझी आहे. जपून."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. सरांसारखाच आहे. सगळ्यांसमोर शहाणपणा.

नंतर ती मागच्या खोलीत त्याला म्हणताना ऐकलं, "त्याच्याशी नीट बोल जरा. आणि तू जेवलास का?" आमच्यासमोर ती त्याला नेहमी अहो-जाहो करते. माझ्या बाजूने बोलताना एवढी चिडली की अरे-तुरेवर आली. मला रडूच आलं.

हे लग्नाचं काम संपलं की तिच्याशी बोलायचं. चिठ्ठी वगैरे नाही, तोंडावर.

४ एप्रिल

आज तिन्ही चौकटी वर गेल्या. मधली सत्तर किलो भरली. तारवाल्याने तीनदा काट्यावर घेतली, बेरीज तिच्याकडून तपासून घेतली आणि एकशे पाच पेलणारी तार लावली. "मधले पस्तीस किलो देवाचे," म्हणाला. संध्याकाळी पाचला खालून बघितलं तर खरोखर तारा दिसत नव्हत्या. मामा खुर्चीवर बसून नुसता वर बघत होता. ती कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. एवढं सुंदर काम तिच्या डोक्यातून आलंय आणि उद्या लोक म्हणणार, नवरीची हौस.

५ एप्रिल, सकाळ

हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. नऊ वाजलेत. बाकीची माणसं पुढच्या दारापाशी जमिनीवरची फुलं लावताहेत.

सात वाजता आम्ही आलो तर मधल्या चौकटीतला हायड्रेंजिया मान टाकून बसला होता. काचेच्या छतातून थेट ऊन. पांढरे गेंद भिजलेल्या कागदासारखे झाले होते. ती खालून बघत उभी राहिली, एकदम पांढरी पडली. म्हणाली, "कोणीतरी काहीतरी करा." तारवाला बाजूच्या दालनात सामान आवरत होता. मामा गाडीतून माल उतरवत होता. तिथे मीच होतो.

ती फवारा आणायला दुकानात गेली. जाऊन येऊन दीड तास. तोवर काय उरलं असतं?

थोडं पाणी घातलं. शिडी होती, नळ होता, डबा होता. वरून, सरळ शेवाळात. त्या माणसाला विचारायला मी काही शाळेतला पोरगा नाही. पहिल्या डब्याने काहीच झालं नाही, गपकन पिऊन टाकलं. मग थोडं आणखी. आठ वाजेपर्यंत फुलं उठायला लागली. एकेक गेंद डोळ्यांसमोर मान वर करतो. असं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

ती आली, वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, सावरली की आपोआप." मी काही बोललो नाही. संध्याकाळी सांगेन, कशी सावरली ते. बोलायला सुरुवात त्यानेच करेन.

७ एप्रिल

परवा अकरा वाजता मधली चौकट पडली.

पाहुणे यायला एक तास होता. दोन बायका टेबलावर काटेचमचे मांडत होत्या. तारवाला दारात उभा राहून चहा पीत होता. वरून बारीक आवाज आला असेल, मला नाही आला, त्यालाच आला. तो धावला. दोघींना ढकललं. चौकटीची कड त्याच्या कमरेवर आली आणि उजवा हात टेबलाच्या काठाखाली सापडला.

टेबलावरच्या फुलदाण्या, ग्लास, सगळं फुटलं. जमिनीवर पाणीच पाणी, त्यात फुलं, शेवाळ. मामा गुडघ्यावर बसून त्याच्या तोंडावरची पानं बाजूला करत होता आणि म्हणत होता, "आहे, आहे, श्वास आहे." ती ओरडली नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, गाडी येईपर्यंत.

लग्न बाजूच्या दालनात झालं. फुलांशिवाय.

९ एप्रिल

हाताची तीन बोटं काढली. कमरेखाली त्याला काही जाणवत नाही. डॉक्टर म्हणतात वाट बघू.

हॉलची माणसं तारेचा तुकडा, चौकट, फोटो घेऊन गेली होती. आज मामाला फोन आला. तार ठीक होती म्हणतात, पण आकडा ठीक होता असं म्हणत नाहीत. वजनाचा अंदाज चुकला म्हणतात. अंदाज. तारवाल्याला आता कोणी हॉल उघडून देणार नाही. मामा म्हणाला, "तो अंदाज करणारा माणूस नाही."

मी बादल्या धुवत होतो. मामा मागे येऊन उभा राहिला.

"त्या सकाळी मधल्या चौकटीखाली तूच होतास ना?"

"हो."

"काही बघितलंस?"

"नाही."

त्याने वाकून नळ बंद केला. मग म्हणाला, "बरं. तुझ्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही." आणि पुढे दुकानात गेला. आईला काय सांगायचंय त्याला? मला तो प्रश्न आवडला नाही.

मी थोडंच घातलं होतं. बरंचसं गळून गेलं असणार. बाकीच्या चौकटींच्या खालीही फरशी ओलसर होतीच. असेल काहीतरी दुसरं.

१३ एप्रिल

भेटायला गेलो. जायचं नव्हतं, पण मामाने डबा देऊन पाठवलं. ती तिथे होती. रोज जाते म्हणे. तिला जबाबदारी वाटते.

तारवाल्याला शुद्ध आहे, पण त्या दिवसाचं काही आठवत नाही. चहाचा कप आठवतो, पुढे नाही. त्याच्या उशीजवळ वजनांचा कागद. ती आकडे वाचते, तो डोळे मिटून बेरीज करतो. लोखंड चौदा. जाळी तीन. शेवाळ तीस. फुलं तेवीस. सत्तर. दीडपट एकशे पाच. मग म्हणतो, "पुन्हा वाच." मी पाऊण तास होतो तिथे. नऊ वेळा झालं.

"कुठे चुकलं ते सापडत नाहीये," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, छताकडे बघून. "चूक सापडली की मी झोपेन."

१६ एप्रिल

आज दाराच्या काचेतून बघितलं. ती त्याचे केस विंचरत होती. तो काहीतरी म्हणाला, ती हसली, डोळे मिटून, आणि तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. सवयीने टेकतात तसे.

डबा नर्सकडे देऊन आलो.

सगळं मागचं पुन्हा आठवून बघतोय. बाजार. शिडी. केस. जेवलास का. दुकानात बादल्या उचलणाऱ्याला सुद्धा माहीत होतं असेल. मामाला माहीत होतं. फक्त मला नाही.

खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तर हे लिहितो: रस्त्यात एकदा मनात आलं की बरं झालं. दोन-चार पावलं चाललो तेवढा वेळ ते मनात होतं. नंतर नळावर जाऊन उलटी झाली.

१९ एप्रिल

आज ती औषधं आणायला खाली गेली होती. तो एकटाच होता. मला बघून डाव्या हाताने कागद पुढे केला. "कॉलेज, इकडे ये. तू शिकलेला आहेस. मी आणि ती तेच तेच बघतोय, आमचे डोळे मेलेत. तू तपास."

टोमणा नव्हता. खरंच विनवत होता.

मी तपासलं. चौदा, तीन, तीस, तेवीस. त्यात चुकायला जागाच नाही. त्याच्या दाढीत पांढरे केस आलेत, चौदा दिवसांत. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला एकदम वाटलं की याला काहीतरी दिलं पाहिजे. काहीही.

मी म्हटलं, "शेवाळाचं दुसरं पोतं. वजन झाल्यावर जाळीत आणखी शेवाळ भरलं होतं. ते यात नाही."

"कोणी भरलं?"

"आठवत नाही. पण भरलं होतं. तुम्ही पुन्हा काट्यावर घेतलं नाहीत."

त्याने कागद परत घेतला. मग हळूहळू त्याचा चेहरा सैल पडला. "म्हणजे मी बघितलं नाही," तो म्हणाला. "माझंच." आणि माझा हात दाबला, त्या राहिलेल्या हाताने. "उपकार झाले तुझे."

मी निघालो तेव्हा त्याला झोप लागली होती. नर्स म्हणाली, पहिल्यांदाच गोळीशिवाय.

२० एप्रिल

सकाळी तिचा फोन. "दवाखान्यात ये." बाकी काही नाही.

लिफ्टजवळच्या बाकावर बसली होती, कागद हातात. मी समोर उभा राहिलो.

"तो पहाटेपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, चूक माझीच होती. काकांना फोन लावून सांगितलं. हॉलवाल्यांना लिहून देतो म्हणतो."

मी तिच्या हातातला कागद बघत होतो.

"दुसरं पोतं नव्हतंच," ती म्हणाली. "शेवाळ मी भरलं होतं. एकच पोतं आलं होतं आणि त्यातलंही उरलं. ते अजून दुकानात पडलंय."

माझ्या मागे लिफ्ट उघडली, माणसं उतरली, लिफ्ट मिटली.

"किती डबे?"

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. मी तयारी करून गेलो होतो. मी म्हटलं, "तूच म्हणाली होतीस, कोणीतरी काहीतरी करा."

"म्हणाले होते. ते माझं मी बघेन. किती डबे?"

"अकरा."

"पाच लिटरचा तो निळा?"

मी मान हलवली. तिने कागद भिंतीला लावला, सत्तरच्या खाली पंचावन्न लिहिले, रेघ मारली. एकशे पंचवीस. आकडे सरळ आले. मग खोलीत गेली. दार उघडंच राहिलं.

तिने सुरुवातीपासून वाचलं. चौदा. तीन. तीस. तेवीस. मग पाणी. त्यानंतर आतून कागद ओढून घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझे सत्तर बरोबर होते," त्याचा आवाज आला.

"बरोबर होते."

"सत्तर बरोबर."

"हो रे."

मग त्याने विचारलं मी कुठे आहे, आणि तिने मला हाक मारली.

आत गेलो. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. शेवटपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही. पलंगाच्या पायाशी मी हात जोडले का, माफी मागितली का, मला नीट आठवत नाही. मागितली असेन. तो ऐकत नव्हता. त्याला दुसरंच काही हवं होतं.

"वरून घातलंस?"

"हो."

"सगळं एका जागी?"

"मधोमध. हायड्रेंजिया होता तिथे."

"किती वाजेपर्यंत?"

"आठ."

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. पट्टीतला हात चादरीवर उचलला आणि नसलेल्या बोटांवर मोजल्यासारखा हलवला. ती खिडकीशी रडत होती, आवाज न करता, पाठ हलत होती.

"पस्तीस किलो हातात होते," तो म्हणाला. "सातव्या डब्यापर्यंत ठीक. आठव्याला तुटायला हवी होती." मग डोळे उघडून त्याने छताकडे बघितलं. "अकरा डबे, आणि वर तीन तास. तार चांगली होती."